स्तनाच्या ऑपरेशननंतर टॅपिंग : काही महिने वापरल्यावर काय उरतं

आधी निकाल सांगून टाकते. टॅपिंग, म्हणजे ईएफटी (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स), ही भीती शब्दांत मांडत चेहऱ्यावरच्या आणि अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बोटांनी हलके ठोकण्याची पद्धत. स्तन काढण्याच्या ऑपरेशननंतर ती काही महिने नेटाने केली की आरशाचा धसका बऱ्यापैकी उतरतो. पण बदललेलं शरीर त्याने आवडायला लागत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पंधरा दिवसांत ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून सोडून दिलं जातं.

पद्धत जुनीच आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहन प्रत्येक तक्रारीसाठी बिंदूंचा वेगळा क्रम लावत. १९९०च्या दशकात गॅरी क्रेग यांनी त्याचा सगळ्या तक्रारींना चालणारा एकच क्रम केला. सुरुवातीला भीतीला ० ते १० मध्ये गुण द्यायचे. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकत त्या भीतीचं वाक्य तीनदा म्हणायचं. मग भुवईचं नाकाकडचं टोक, डोळ्याच्या बाहेरच्या कडेचं हाड, डोळ्याखालचं हाड, नाक आणि ओठ यांच्या मधली जागा, ओठाखालची खाच, कॉलरबोनच्या खाली, काखेखाली चारेक इंचांवर ब्राच्या पट्टीच्या रेषेत, आणि शेवटी टाळू. प्रत्येक ठिकाणी पाच-सात हलके ठोके आणि तोंडाने वाक्यातले दोन-तीनच शब्द. एक लांब श्वास घेऊन पुन्हा गुण द्यायचे. फेरी दीडेक मिनिटात होते. एका बैठकीला तीन-चार फेऱ्या पुष्कळ झाल्या.

सगळी मेख वाक्यात आहे. ‘माझी भीती’ किंवा ‘माझं शरीर’ असं मोघम म्हणत तासभर ठोकलं तरी गुण हलत नाहीत. ‘ब्लाउजची हुकं काढताना डाव्या बाजूशी हात अडतो’, ‘टाक्यांची रेघ काखेकडे ओढलेली दिसते आणि नजर फिरवावीशी वाटते’, इतकं नेमकं हवं. शिकवताना वाक्याचं शेपूट ठरलेलं असतं : ‘तरीही मी स्वतःला मनापासून आणि पूर्णपणे स्वीकारते.’ टाके नुकते सुकलेल्या बाईच्या तोंडी हे खोटं वाटतं, आणि आतून ‘कुठे स्वीकारते?’ असं उत्तर आलं की फेरी वाया गेली. त्याऐवजी ‘तरीही आत्ता मी इथे उभी राहू शकते’ एवढं पुरतं. स्वीकाराचं शेपूट नंतर लावावं, नाही लावलं तरी बिघडत नाही.

बिंदूंचा नेमकेपणा मात्र एवढा जपायची गरज नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे चार गट केले होते. एकाने ठरलेले बिंदू ठोकले, दुसऱ्याने भलत्याच जागा, तिसऱ्याने चक्क बाहुली, चौथ्याने काहीच नाही. पहिल्या तिन्ही गटांची भीती उतरली, चौथ्याची नाही. तेव्हा या बिंदूंवर ठोकल्याने शरीरातल्या ऊर्जावाहिन्या मोकळ्या होतात वगैरे दावे मी बाजूला ठेवते. जिच्यापासून पळतो ती गोष्ट समोर धरून हात एका लयीत गुंतवून ठेवणं, काम त्यातून होतं असं दिसतं. बाईला याचा सरळ फायदा असा की अडचणीचा बिंदू बिनदिक्कत गाळता येतो.

आणि अडचणीचे बिंदू बरेच निघतात. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर काख आणि दंडाची आतली बाजू बधिर असू शकते. तिथे ठोका लागत नाही किंवा विचित्र मुंग्या येतात. काखेखालचा बिंदू दुसऱ्या बाजूचा घ्यावा. केमोचं औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेला पोर्ट कॉलरबोनखाली असेल तर तीही बाजू सोडावी. रेडिएशन चालू असताना त्या कातडीला हातच नको. केमोने प्लेटलेट कमी झाले असतील तर ठोक्याने काळंनिळं होऊ शकतं, म्हणून नुसतं बोट टेकवून श्वास घ्यावा. बोटांची टोकं बधिर झाली असली तर सगळी बोटं सपाट वापरावीत. भुवया गळालेल्या असल्या की पहिला बिंदू सापडत नाही. नाकाच्या मुळापाशी कपाळाच्या हाडाची कड चाचपावी.

नुसतं सोफ्यावर बसून ठोकण्यापेक्षा पायऱ्या लावल्या तर फरक लवकर पडतो. आधी कपड्यावरून हात ठेवणं, मग अंधारात कपड्याखाली, मग ओढणी घेऊन आरशासमोर, मग ओढणीशिवाय. जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की व्रणावर तेल किंवा मलम लावणं. प्रत्येक पायरीवर गुण तीनच्या आसपास येईपर्यंत थांबावं. ८ वरून ४ वर आलेली भीती दुसऱ्या दिवशी ६ वर दिसते, यात बिघडलं काहीच नाही. अनेकदा तिच्याखालची दुसरी बाजू वर आलेली असते. व्रणाची भीती उतरली की ‘नवरा काय म्हणेल’ किंवा ‘पुन्हा झालं तर’ उभं राहतं. त्यासाठी नवं वाक्य, नवे गुण. जुन्या वाक्याला घासत बसू नये.

गुणांपेक्षा मला वागण्यातला फरक जास्त पटतो. अंघोळ घाईत उरकणं थांबलं का, स्तनाच्या जागी ब्रामध्ये ठेवायचा सिलिकॉनचा कप न लावता दार उघडता येतं का, हे तपासावं. यात महिनोन्महिने जातात आणि टॅपिंगचा वाटा अर्धाच असतो. उरलेलं रोजच्या सवयीने अंगवळणी पडतं.

दोन ठिकाणी हात आवरावा. नवी गाठ, स्राव किंवा हाताला सूज जाणवली तर भीती शमवत बसू नये, डॉक्टर गाठावा. ठोकताना डोकं सुन्न झालं, घसा आवळला, जुनं काही अंगावर धावून आलं तर वाक्य सोडून पाय जमिनीवर घट्ट टेकावेत, आणि पुढचं काम समुपदेशकासोबत करावं. मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. कॅन्सर बरा करतो म्हणणाऱ्या टॅपिंग गुरूला एक रुपया देऊ नये. पद्धत शिकायला महागडा कोर्सही लागत नाही.

फॉलोअपच्या दिवशी टॅपिंगचा उपयोग सर्वांत जास्त होतो. वेटिंग हॉलमध्ये टाळू ठोकायची लाज वाटते, म्हणून पर्सखाली हात धरून नखांच्या कडेला अंगठ्याने एकेक बोट दाबत जावं. मात्र पेट स्कॅन (इंजेक्शनने औषध देऊन काढायचं शरीराचं चित्र) असेल तर हे इंजेक्शनच्या आधीच उरकावं. औषध दिल्यावर तासभर शांत पडून राहायला सांगतात, बोलणंही कमीच ठेवायचं असतं, कारण हालचाल करणारे स्नायू ते औषध ओढून घेतात आणि चित्रात उगाच उजळतात.