तिओतिवाकान नगर-मॉडेल संच: पिरॅमिड चांगले, शहर अपुरे

तालुक्याच्या स्टेशनरी दुकानांत मिळणारा हा १:२००० प्रमाणाचा थर्माकोल संच शाळेच्या प्रदर्शनासाठी घेण्यासारखा आहे. तुकडे स्वच्छ कापलेले आहेत, खाचा नीट बसतात. चूक आहे ती मांडणीत, आणि मेक्सिकोतल्या या प्राचीन शहराचं मोठेपण मांडणीतच आहे.

सोबतच्या नकाशात मृतांचा रस्ता, म्हणजे शहराचा मुख्य रस्ता, थेट उत्तर-दक्षिण दाखवला आहे. खरा रस्ता उत्तरेपासून सुमारे १५.५ अंश पूर्वेला कललेला आहे. पिरॅमिड आणि वस्त्यासुद्धा जवळपास त्याच आखणीत आहेत. सान हुआन नदीचं पात्रही वळवून त्या चौकटीत बसवलं होतं, संचात मात्र ती नागमोडी आहे. दुरुस्ती सोपी: रस्ता तळाच्या प्लायच्या लांब कडेला समांतर ठेवा आणि उत्तरेचा बाण तिरपा काढा. रस्त्यावरच्या एका बिंदूपासून १८ सेंमी वर, तिथून ५ सेंमी डावीकडे. तो बिंदू मूळ बिंदूला जोडला की कोन बरोबर येतो. नदी रस्त्याला काटकोनात, सूर्य-पिरॅमिड आणि सिउदादेला (दक्षिणेकडचं मोठं चौकोनी आवार) यांच्या मधून न्या.

सूर्य-पिरॅमिडचा पाया ११ सेंमी आहे, तो योग्य. उंची मात्र ६ सेंमी दिली आहे. मूळ पाया सुमारे २२५ मीटर आणि उंची ६५ मीटर, म्हणजे इथे सव्वातीन सेंमी पुरे. अर्धा सेंमी जाडीचे बारा थर आहेत, एकाआड एक काढून टाका. नाहीतर इजिप्तचा पिरॅमिड वाटतो, आणि मुलं तेच लक्षात ठेवतात.

घरांचे ठोकळे भरीव आहेत, ही सर्वांत मोठी उणीव. शहरात दोन हजारांवर निवासी संकुलं होती, बरीचशी सुमारे ६० मीटर बाजूची. आपल्या वाड्यासारखीच रचना: उघडे चौक, भोवती खोल्या, एका भिंतीआड अनेक कुटुंबं. ३ सेंमीच्या प्रत्येक ठोकळ्यात कटरने दोन-तीन चौक कोरा. वेळ जातो, पण हे केलं नाही तर पाहणाऱ्याला फक्त देवळं दिसतात, लाखभर माणसांचं गाव दिसत नाही.

भिंतीच्या छेदाचा वेगळा तुकडा उत्तम आहे. फक्त उलटा चिकटवू नका: तिरकी बाजू खाली, चौकटीची उभी पट्टी वर आणि थोडी पुढे आलेली.

डबीतला तपकिरी रंग वापरू नका. तिथल्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता, त्यावर बहुतेक लाल रंग. आधी पांढरा हात, वाळल्यावर गेरूत थोडं फेविकॉल कालवून द्या. फेविक्विक आणि ऑइलपेंट थर्माकोल खातात. पुठ्ठ्याचा तळ पावसाळी दमटपणाने वाकतो, म्हणून २ बाय ४ फुटांचा प्लाय वेगळा घ्यावाच लागतो. तो खर्च आधीच धरा.