किरकिऱ्या बाळासाठी आणि नवख्या बाबासाठी : सुती रिंग स्लिंगचा सात महिन्यांचा अनुभव

रिंग स्लिंग म्हणजे एका टोकाला दोन कड्या शिवलेली, अंगाला बांधायची कापडी झोळी. आमची लेक सव्वा महिन्याची असताना मी ती मागवली आणि गेले सात महिने जवळजवळ रोज वापरतो आहे. बहुतेक खरेदीदार आया असतात आणि त्यांचे अनुभव सहज वाचायला मिळतात. बाळ आपल्या हातात आले की रडते, असे ज्या बाबांना वाटते, त्यांच्या दृष्टीने या वस्तूविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

वस्तूविषयी सांगण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, तसे आमचेही साताऱ्याला झाले. मी नोकरीनिमित्त पुण्यात होतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, परंतु खासगी नोकरीत अशी रजा देण्याचे बंधन कायद्याने घातलेले नाही, आणि माझ्या वाट्याला मोजून पाच दिवस आले. त्यानंतर शनिवारी जाणे आणि रविवारी रात्री परतणे एवढाच माझा आणि लेकीचा सहवास होता. तिला न्हाऊ घालणाऱ्या मावशी, शेक देणारी आजी, अंगावर पाजणारी आई या सर्वांचे हात तिच्या ओळखीचे झाले होते. माझे हात मात्र दर शनिवारी तिला नव्यानेच भेटत होते.

सव्वा महिन्याने दोघी पुण्याला आल्या आणि तिचे रडणे नेमके त्याच सुमारास शिगेला पोचले. हा योगायोग नव्हता, हे मला नंतर कळले. निरोगी बाळांचेही रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. आमची लेक दिवेलागणीला सुरू करायची ती रात्री नऊ-साडेनऊपर्यंत. पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून, चेहरा लालबुंद करून ती रडत असे. डॉक्टरांनी तपासले, वजन नीट वाढत होते, ताप नव्हता, दूध पचत होते. बाकी आजार नसताना बाळ दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि असे तीन आठवडे रडत असेल तर त्याला कॉलिक म्हणावे, ही व्याख्या 1954 सालापासून चालत आली आहे, आणि आमचे प्रकरण तिच्या अगदी जवळ जाणारे होते. आमच्याबरोबर आलेल्या सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढत. मी तिला घेतले की दोनच मिनिटांत त्या मायेने म्हणत, “द्या इकडे, तुम्ही दमला असाल.” त्यांचा हेतू चांगलाच होता, मात्र माझ्याकडे आलेले बाळ रडतच दुसऱ्या कोणाकडे तरी जाते, असा क्रम रोजच घडू लागला आणि रडणे थांबण्याच्या क्षणी मी कधीच तिच्याजवळ नसायचो.

अशा वेळी एका सहकाऱ्याने ही स्लिंग सुचवली. साधारण दोन मीटर लांबीचे जाड विणीचे सुती कापड आणि ॲल्युमिनियमच्या, कुठेही जोड नसलेल्या दोन कड्या, एवढेच तिचे स्वरूप आहे. किंमत साडेतीन हजारांच्या घरात गेली. नुसत्या कापडाला एवढे पैसे कशाला, असा प्रश्न आमच्या घरातही निघाला. परंतु कापडाची वीण आणि खांद्यावरची शिवण पाहिल्यावर तो मागे पडला. वीण तिरकी ताणली की किंचित पसरते आणि बाळाच्या पाठीच्या वळणावर नीट बसते, पण वजनाने खाली लोंबत नाही. नवे कापड ताठ असते. दोन-तीन धुण्यांनंतर ते मऊ पडते, तोवर कड्यांतून ओढायला जड जाते.

बांधायला शिकण्यासाठी मला चार दिवस लागले. आधी पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीवर सराव केला, आणि प्रत्येक नव्या बाबाने तो करावा असे मी आग्रहाने सांगेन. कड्या हासळीच्या हाडापाशी याव्यात, कापड खांद्यावर आणि पाठीवर पूर्ण पसरावे, आणि ओढताना सगळे एकदम न ओढता आधी वरचा काठ, मग खालचा काठ, शेवटी मधला भाग असे थोडे थोडे घट्ट करावे. हे सर्व करताना एक हात बाळाच्या बुडाखालून हलता कामा नये.

पहिल्यांदा तिला आत घेतले ती गुरुवारची संध्याकाळ होती आणि ती आधीपासूनच रडत होती. मी गॅलरीच्या या टोकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फेऱ्या घालू लागलो. पहिली काही मिनिटे काहीच फरक पडला नाही. उलट माझ्या छातीवर तिचे रडणे मला कानांपेक्षा बरगड्यांत अधिक जाणवत होते. मग तिने एक मोठी ढेकर दिली, थोडे दूध माझ्या सदऱ्यावर काढले आणि कान माझ्या छातीला लावून गप्प झाली. तिच्या टाळूला टोपऱ्याचा आणि आंबट दुधाचा वास येत होता. सदऱ्याचे दुसरे बटण तिने मुठीत धरले होते. सासूबाई दारापर्यंत आल्या, थांबल्या आणि काही न बोलता परत गेल्या. त्या दिवसापासून संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ माझी आणि लेकीची ठरून गेली.

स्लिंगमुळे रडणे बंद होते, असा दावा कोणी विक्रेता करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. 1986 साली कॅनडातील मॉन्ट्रिअल येथे हंझिकर आणि बार यांनी केलेल्या अभ्यासात, रोज अधिक वेळ अंगावर घेतलेली बाळे सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडली आणि संध्याकाळच्या वेळी तर 51 टक्के कमी रडली. पण ती सर्वसाधारण बाळे होती आणि रडणे वाढण्याआधीच त्यांना जास्त घेण्यास सुरुवात झाली होती. कॉलिक सुरू झालेल्या बाळांवर बार यांनीच 1991 साली हाच उपाय करून पाहिला, तेव्हा रडण्यात असा फरक दिसला नाही. आमचाही अनुभव याच्याशी जुळतो: काही संध्याकाळी ती दहा मिनिटांत शांत झाली, काही संध्याकाळी तासभर रडली. बदलले ते एवढेच, की ती माझ्या अंगावर रडली आणि माझ्याच अंगावर शांत झाली, आणि हे पुष्कळदा घडल्यावर तिला माझी व मला तिची सवय झाली. भुकेचे रडणे, झोपेचे रडणे आणि पोट दुखल्याचे रडणे यांतला फरक मी याच फेऱ्यांत शिकलो.

चालणे मात्र खरोखरच महत्त्वाचे आहे. जपानमधील संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले, की बाळाला घेऊन चालू लागताच त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, आणि नुसते घेऊन बसल्यास तसे होत नाही. त्यांच्याच 2022 सालच्या अभ्यासातून निघालेला क्रम आम्हाला फार उपयोगी पडला: पाच मिनिटे चालावे, बाळ झोपले की पाच ते आठ मिनिटे घेऊन शांत बसावे आणि मगच खाली ठेवावे. मी पूर्वी डोळा लागताच पाळण्यात ठेवायला जायचो आणि दर वेळी ती जागी व्हायची.

सुरक्षिततेच्या बाबतीत कोणीही हयगय करू नये. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये स्लिंगबाबत इशारा दिला होता आणि त्यात आधीच्या 20 वर्षांतील किमान 14 बालमृत्यूंचा उल्लेख होता. धोका चार महिन्यांखालील, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना अधिक असतो: कापडाने नाक-तोंड दाबले जाते, किंवा पिशवीसारख्या खोल झोळीत बाळ वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. म्हणून बाळ नेहमी उभे, छातीला छाती लावून, आपल्याला सहज पापी घेता येईल इतके वर असावे. चेहरा सतत दिसावा आणि हनुवटीखाली दोन बोटे मावावीत. गुडघे बुडापेक्षा वर, बेडकासारखे, असावेत. खुब्याच्या सांध्यासाठी ती बैठक योग्य मानली जाते. स्लिंग बांधून गॅसपाशी उभे राहणे, गरम चहा घेणे किंवा दुचाकीवर बसणे पूर्णपणे टाळावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

तक्रारीही आहेत. विक्रेत्याने मापाचा तक्ता दिला होता, तो सर्वस्वी स्त्रियांच्या कपड्यांच्या मापांवर बेतलेला होता. मी त्यानुसार मध्यम माप मागवले, तर सुटे टोक कड्यांबाहेर जेमतेम वीतभर उरले. मोठे माप बदलून मिळाले, पण कुरिअरचा खर्च मला सोसावा लागला. सोबतचे पत्रक इंग्रजीत आहे आणि सगळ्या चित्रांत आईच आहे. ज्या घरात आजी-आजोबाही बाळाला घेतात, तिथे मराठीत एक पान असणे गरजेचे होते. भार एकाच खांद्यावर येत असल्याने तासाभरानंतर पाठ भरून येते, म्हणून एकाआड एक दिवस खांदा बदलावा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दोघेही घामाने भिजत होतो. तेव्हा तिला फक्त लंगोट आणि मलमलचे झबले घालून, पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटांपुरतेच घ्यायचो.

लांब, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा प्रकार एका मित्राकडून आणून पाहिला. तो आरामदायक आहे, परंतु जवळजवळ पाच मीटर कापड रडत्या बाळासमोर गुंडाळत बसणे मला जमले नाही. बकलांचे कॅरिअर दूर फिरायला जाताना चांगले, पण बाळाची मान धरेपर्यंत आम्ही ते टाळले.

आता ती छातीवर बसत नाही, कडेवर बसते आणि त्याच कापडाचा आधार तिच्या पाठीला पुरतो. संध्याकाळचे रडणे साडेतीन महिन्यांनंतर आपोआप थांबले. फेऱ्या मात्र चालू आहेत, आणि मी कामावरून येऊन हात-पाय धुतले की ती खुंटीवरच्या स्लिंगकडे पाहून हात पुढे करते. घेणाऱ्यांनी बाबाच्या खांद्याचे माप विक्रेत्याला कळवून मगच आकार ठरवावा, कड्या जोडाच्या नाहीत याची खात्री करावी आणि धुताना कड्यांना मोजा बांधून थंड पाण्यात धुवावे.