कामावरच्या सुरक्षेची तक्रार असली तर सुपरवायझरला तोंडी सांगायचं की लेखी अर्ज द्यायचा?

२०२० मधे मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कंपनीत होतो, कोरोना चालू अन् दोन शिफ्टची माणसं एकाच गेटवर कोंबलेली. तोंडी सांगणं सोपं, सुपरवायझर गाववालाच, सॅनिटायझर तर दुसऱ्या दिवशी आलं बी, पण शिफ्टचं काढलं की "पाहतो ना भाऊ" आणि नंतर म्हणे मला कोणी बोललंच नाही! लेखी दिलं की माणूस डोळ्यावर येतो, खरंय, म्हणून दहा जणांच्या सह्या घेतल्या, केंद्राच्या एप्रिलच्या आदेशातलं दोन शिफ्टमधे तासभर अंतर ठेवायचं ते टाकलं, अन् पोच घेतली. पुढं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात, म्हणजे कारखान्यांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी खात्यात, जायची वेळ आली तर हीच पोच दाखवता येते, तोंडी बोलण्याचं काय दाखवणार?