नवाहोचा कोश आणि सेबुआनोचा कोश: कोणता घ्यावा, कोणासाठी?

या दोन भाषांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही हे आधीच सांगतो. नवाहो ही अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटामध्ये पसरलेल्या नवाहो नेशनची, म्हणजे तिथल्या मूळनिवासी नवाहो लोकांच्या प्रदेशाची भाषा, बोलणारे साधारण दीड-पावणेदोन लाख. सेबुआनो फिलिपिन्सची, म्हणजे सेबू, बोहोल आणि मिंडानाओचा बराचसा भाग, बोलणारे दोन कोटींच्या आसपास आणि तिथली माणसं तिला नुसतं बिसाया म्हणतात. तरी दोघींचे कोश एकाच रिव्ह्यूत घेतोय, कारण शब्द कुठे ठेवायचा या साध्या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे बरोब्बर उलटं आहे.

सेबुआनोचा कोश जॉन वुल्फ यांचा, १९७२ चा, कॉर्नेल विद्यापीठाने काढलेला. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या साइटवर अख्खा फुकट आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्नच मिटला. यात सगळं धातूखाली लावलंय. म्हणजे सेबूच्या हॉटेलात मेन्यूवर 'किनिलाव' वाचलंत (कच्चा मासा व्हिनेगरमध्ये मुरवलेला, आवडत असेल तर जरूर खा) तर 'क' नंतरचा 'इन' उपटून काढायचा आणि 'किलाव' बघायचं. पेशंटला 'मसाकितोन' म्हणतात, त्याचं पुढचं-मागचं सोलून 'सकित' म्हणजे दुखणं इथे जायचं. सुरुवातीला वैताग येतो पण एकदा हात बसला की मजा आहे, कारण एका धातूची सगळी पिलावळ एकाच जागी सापडते, वर प्रत्येकाला उदाहरणाची वाक्यं आहेत आणि ती पुस्तकी नाहीत, भांडणातली, बाजारातली, स्वैपाकघरातली वाटतात.

दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे स्पेलिंग. वुल्फ फक्त अ, इ, उ हे तीनच स्वर लिहितात, ए आणि ओ नाहीतच. उच्चाराच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं पटतं, पण सेबूतली माणसं लिहिताना ए-ओ सर्रास वापरतात, त्यामुळे दुकानाच्या पाटीवरचा शब्द जसाच्या तसा शोधलात तर मिळत नाही. 'दुकोत' हवं असेल तर 'दुकुत' शोधा. (दुकोत म्हणजे भांड्याच्या बुडाला लागलेली भाताची खरवड, यांना तिच्यासाठी वेगळा शब्द आहे हे बघून मला फार बरं वाटलं. साळ, तांदूळ, भात यांनाही आपल्यासारखेच तीन वेगळे शब्द, हुमाय, बुगास, कानोन.) दुसरं खटकणं म्हणजे क्रियापदाला कंसात चिकटवलेले कोड, अक्षर-आकडा-अक्षर असे, कुठलं क्रियापद कुठले प्रत्यय घेतं ते सांगणारे. प्रस्तावना वाचल्याशिवाय ते डोक्यावरून जातात आणि प्रस्तावना कोण वाचतं, पण इथे वाचाच.

मराठी माणसाला सेबुआनोत एक गोष्ट आयती मिळते. 'किता' आणि 'कामि', म्हणजे आपण आणि आम्ही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यावर पानभर समजावून सांगावं लागतं, आपण एका ओळीत पुढे जातो.

आता नवाहो. रॉबर्ट यंग आणि विल्यम मॉर्गन यांचा व्याकरण-अधिक-कोश, १९८० चा, सुधारित आवृत्ती १९८७ ची. मॉर्गन स्वतः नवाहो, यंग बाहेरचे, आणि दोघं १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून या भाषेवर एकत्र काम करत होते. आजची नवाहो लिपी रुळवण्यातही या जोडीचा मोठा हात. एवढ्या वर्षांचं काम आहे हे पानापानावर दिसतं.

अडचण अशी की नवाहो क्रियापदाचा गाभा येतो सगळ्यात शेवटी, त्याच्या आधी उपसर्गांची रांग आणि ते उपसर्ग एकमेकांत असे विरघळतात की सांधा कुठे होता ते कळत नाही. 'नालनिश' म्हणजे तो काम करतो. 'नाशनिश', मी काम करतो. मधे 'मी'चा श आला आणि ल गळूनच गेला. शिवाय गाभासुद्धा काळाप्रमाणे बदलतो. मग धातूवरून लावून उपयोग काय? म्हणून या दोघांनी अख्खा शब्दच ठेवला, तोही 'मी'च्या रूपात, आणि त्याखाली बाकीच्या पुरुषांची आणि काळांची रूपं. म्हणजे ऐकलेल्या 'तो'चा आधी 'मी' करायचा आणि मग पान उलटायचं. नवख्याला ते जमत नाही, हे मान्यच करायला हवं. पुढे १९९२ मध्ये दोघांनी सॅली मिजेट यांच्यासोबत धातूनुसार लावलेला वेगळा कोश काढला, तो अभ्यासकांचा, तुमच्या-आमच्यासाठी नाही.

पण वाचायला सगळ्यात भारी भाग तो 'दे' आणि 'घे'चा. सफरचंद दे, पेन्सिल दे, घोंगडी दे, ग्लासातलं पाणी दे, दोरी दे, चिखलाचा गोळा दे, बाळ दे, प्रत्येकाला क्रियापदाचा गाभा वेगळा, वस्तू गोल आहे का लांबट, चपटी का लिबलिबीत, जिवंत का भांड्यातली यावर ठरणारा. व्याकरणाच्या भागात ती एकत्र मांडलीत, तो भाग मी कादंबरीसारखा वाचला.

आकड्यांवरून मात्र फसू नका. विकिपीडियावर सेबुआनो लेखांच्या संख्येत इंग्रजीच्या लगोलग मागे आहे, साठ लाखांच्या वर लेख, पण त्यातले बहुतेक स्वेर्कर योहान्सन या स्वीडिश माणसाच्या बॉटने, म्हणजे आपोआप लेख लिहिणाऱ्या प्रोग्रामने पाडलेले, गावं, डोंगर, किडे. त्याच्यावर भाषा शिकायला जाऊ नका, वुल्फच्या एका पानावर त्याहून जास्त जिवंत सेबुआनो आहे.

तर कोणी काय घ्यावं? आपल्याकडची बरीच मुलं डॉक्टर व्हायला मिंडानाओतल्या दावाओला जातात, तिथे वॉर्डात पेशंट बिसायाच बोलतो, त्यांनी वुल्फ आजच फोनमध्ये उतरवून घ्या. कोश फक्त सेबुआनो-इंग्रजी असा एकतर्फी आहे, तेव्हा इंग्रजीवरून शब्द हवा असेल तर सर्च मारा, चालतं. यंग-मॉर्गन मात्र भाषेचं वेड असेल तरच, आणि आधी एखाद्या विद्यापीठाच्या लायब्ररीत चाळून बघून. व्याकरणाच्या भागापासून सुरू करा, कोश नंतर. माझ्याकडून वुल्फला पाचपैकी चार, एक स्पेलिंगसाठी कापला. यंग-मॉर्गनला पाच, पण नवख्याने विचारलं तर तीनच सांगेन.