टीएफटीपी सर्व्हर काही महिने वापरल्यावर: सगळा राग ५१२ बाइटांवर

टीएफटीपी हा नेटवर्कवरून फाइल पाठवायचा जुना, साधा प्रोटोकॉल; तो यूडीपी ६९ वर कसा ऐकतो, हे इथे सांगत बसत नाही. लॅपटॉपवर फुकटातला सर्व्हर टाकला होता आणि नेटवर्क स्विचेसची फर्मवेअर (त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर) त्याच्यावरूनच चढवत होतो. तक्रार नव्हती. मग एक मोठी इमेज (फर्मवेअरची फाइल) आली आणि कॉपी ३२ एमबीपाशी येऊन बसली. परत लावली, परत ३२. केबल बदलली, पोर्ट बदलला, तरी ३२.

कारण कळल्यावर डोकं आणखी फिरलं. १९९२च्या आरएफसी १३५० नुसार (टीएफटीपीचं मानक) फाइल तुकड्या-तुकड्यांनी जाते: एक तुकडा म्हणजे ब्लॉक ५१२ बाइटांचा आणि ब्लॉकचा नंबर १६ बिटांचा. ६५,५३५ ब्लॉक गेले की नंबरच संपतात. काही सर्व्हर पुढे शून्यापासून मोजतात, काही एकपासून. आमच्या फुकट्याने सरळ हात वर केले. इमेज मात्र आता शेकडो एमबींच्या येतात.

आणि प्रत्येक ५१२ बाइटांमागे पोच आल्याशिवाय पुढचा ब्लॉक निघत नाही. शेजारच्या रॅकमध्ये हे चालून जातं. स्विच लांब असेल आणि जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला जेमतेम २५ ब्लॉक, म्हणजे १२.८ केबी. ४०० एमबीला साडेआठ तासांच्या वर! जाड लिंकचे पैसे दरमहा मोजायचे आणि फाइल बैलगाडीतून पाठवायची.

ब्लॉक मोठा करायची सोय १९९८पासून आहे (आरएफसी २३४८). ८१९२ ठेवला तर पॅकेटचे तुकडे पडतात आणि मधली एखादी फायरवॉल ते गिळते. १४६८ ठेवा: हेडरचे बाइट, म्हणजे आयपीचे २०, यूडीपीचे ८, टीएफटीपीचे ४ धरून बरोबर १५०० होतात, इथरनेट पॅकेटची नेहमीची मर्यादा. वेग जवळजवळ तिप्पट. पण हे दोन्ही टोकांना कळायला हवं. जुना स्विच ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि गुपचूप ५१२ वरच चालतो.

इथवर लिहून ठेवलं होतं, आणि शेवट ‘एससीपी वापरा’ (एसएसएचवरून एन्क्रिप्ट करून फाइल कॉपी करायची पद्धत) असा होता. तो खोडतोय. जुन्या स्विचचा सीपीयू एन्क्रिप्शनमध्येच दमतो, वेग वाढला म्हणावा असा वाढतच नाही. त्यात ओपनएसएसएच ९.० पासून (२०२२) एससीपीची कमांड आतून एसएफटीपी हा वेगळा प्रोटोकॉल बोलते, जे या स्विचना समजत नाही. कमांडला कॅपिटल ‘ओ’चा पर्याय (-O) दिला की जुनी पद्धत परत येते. हे शोधण्यात अख्खी मेंटेनन्स विंडो (देखभालीसाठी मिळालेली वेळ) गेली.

सध्या एचटीटीपी. पायथनमधला वेब सर्व्हर एका ओळीत उभा राहतो, पैसे शून्य, आणि स्विच स्वतः फाइल ओढून घेतो. टीसीपी असल्यामुळे प्रत्येक तुकड्यासाठी थांबणं नाही. टीएफटीपीवर रात्र खाणारी इमेज चहा होईपर्यंत फ्लॅशवर आलेली पाहिली तेव्हा खरं सांगायचं तर आधी संशयच आला. चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणारा आकडा) जुळवला, जुळला. तो कुठल्याही मार्गाने आणलेल्या फाइलचा जुळवाच, रीबूटच्या आधी. साधा एचटीटीपी उघडा असतो, म्हणून फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये (उपकरणं सांभाळायला वेगळं ठेवलेलं नेटवर्क), आणि काम झालं की बंद.

टीएफटीपी सर्व्हर काढलेला नाही. इमेज बिघडून स्विच बूटलोडरवर (चालू होतानाचा छोटा प्रोग्रॅम) अडकला की तिथे बऱ्याचदा टीएफटीपी नाहीतर कन्सोलच्या सीरियल केबलवरून एक्समोडेम (फाइल पाठवायची त्याहून जुनी पद्धत) एवढंच मिळतं. ९६०० बॉडवर एक्समोडेमने ३० एमबीलाही साडेआठ तासांच्या वर लागतात. त्यापेक्षा ५१२ परवडले.