रंगाचं सांडपाणी: तुरटी की जिवाणू?

"तुरटी टाकत राहू की जिवाणूंची टाकी बांधू?" असं विचारणाऱ्या, कापड रंगवणाऱ्या रंगशाळेवाल्याला मी आधी उलट विचारतो: रंग कोणते वापरता?

पॉलिएस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात जेमतेम विरघळतात. तुरटीने किंवा फेरिक क्लोराईडने ते गोळा होऊन तळाशी बसतात. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र पूर्ण विरघळलेले असतात. ते तुरटीला फारशी दाद देत नाहीत.

जिवाणू रंग खाली बसवत नाहीत, मोडतात. अ‍ॅझो रंगांतला (बरेच रिअ‍ॅक्टिव्ह रंग याच गटातले) दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध ते ऑक्सिजन नसताना तोडतात आणि पाणी फिकं होतं. इथेच बरेच जण फसतात. फिकं म्हणजे स्वच्छ नव्हे! उरतात अरोमॅटिक अमाइन्स, म्हणजे रंगाच्या रेणूचे तुटलेले तुकडे, आणि त्यांतली काही मूळ रंगापेक्षाही विषारी. म्हणून पुढे हवा खेळवलेली दुसरी टाकी हवीच.

खर्चाचं म्हणाल तर तुरटीची सुरुवात स्वस्त, पण रोज नवी तुरटी आणि रोज रंगीत गाळ. तो टाकायचा कुठे? जिवाणूंचा गाळ कमी, बांधकाम महाग.

शिवाय त्यांचे लाड करावे लागतात: साधारण ३० ते ३७ अंश तापमान, सातच्या आसपास पीएच, थोडं खाद्य. रंगशाळेचं पाणी नेमकं गरम, अल्कधर्मी आणि खारट.

रिअ‍ॅक्टिव्ह रंग, रोजचा सारखा प्रवाह आणि जागा असेल तर जिवाणू. डिस्पर्स रंग किंवा अधूनमधून चालणारं काम असेल तर तुरटीच बरी; लांब सुट्टीत उपाशी राहिलेले जिवाणू मंदावतात.