लॅपटॉपचा प्रोसेसर बदलू की लॅपटॉपच?

भाचा विचारतोय, गेमसाठी २०१९ च्या लॅपटॉपमधल्या इंटेल आय५-९३००एच प्रोसेसरच्या जागी जास्त ताकदीचा आय७ बसेल का? नाही. तो मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर करून कायमचा जोडलेला असतो. म्हणजे उरले दोन पर्याय: आहे त्याचीच डागडुजी, नाहीतर नवा लॅपटॉप.

खर्च: रॅम, एसएसडी (वेगवान स्टोरेज), थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) मिळून काही हजार, नव्याला त्याच्या कितीतरी पट.

फरक: रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी लावताच ड्युअल चॅनल सुरू होतो, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जातात, गेममधले झटके बऱ्यापैकी कमी होतात. पेस्ट बदलली की तापून वेग पडणंही कमी होतं (पंख्यातली धूळ आधी काढ रे बाबा!). पण प्रोसेसरचे कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे भाग) चारच राहणार.

खटाटोप: स्क्रूड्रायव्हर आणि एक दुपार.

जुने, हलके गेम खेळणाऱ्याला डागडुजी पुरे. नवे मोठे गेम किंवा खेळता खेळता स्ट्रीमिंग करायचं असेल, तर पैसे साठव.